देशपरिचय : जोगाईचें आंबें

कोंकणस्थ घराण्यांतील एखाद्या मुलास ‘तुमची कुलदेवता कोणती?’ असें विचारलें, तर ‘आंब्याची जोगेश्वरी’ हें उत्तर तो बहुधा न अडखळतां देतो. मुंजींत, लग्नांत, बोडणाच्या दिवशीं हें नांव त्याच्या कानांवरून अनेकदां गेलेलें असतें. परंतु ‘हें आंबें आहे कोठें?’ असा पुढचा प्रश्न केला, कीं बहुतेकांची जीभ अडते. माझ्या शिक्षकीच्या काळांत एका हुशार विद्यार्थ्यानें मला मुंबईच्या नकाशांतील जोगेश्वरी हें लोहमार्गाचें ठाणें दाखविलें होतें; त्याच्या शेजाऱ्यानें पुण्याच्या तांबड्या जोगेश्वरीचें नांव सांगितलें. दोघांसही भिंतीवरच्या नकाशापाशीं बोलावून बीड जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यावर बोट ठेवावयास लावलें. कोंकणांतल्या माणसांची देवी समुद्रापासून इतक्या लांब, कोरड्या माळावर काय करते, असें त्यांतल्या एकानें विचारलें. प्रश्न चांगला होता.

ज्या गांवाचें नांव पिढ्यान् पिढ्या देवघरांत घेतलें जातें, तें कोणत्या डोंगरावर वसलें आहे, त्याचा पूर्वेतिहास काय व तेथें जाण्याची वाट कोणती, हें घरांतील एकास तरी ठाऊक असावें. म्हणून या महिन्याचा लेख आंब्यास दिला आहे. ज्यांची कुलदेवता दुसरी आहे त्यांनींही तो सोडूं नये; कारण मराठी भाषेच्या जुन्या ग्रंथकारांपैकीं दोघे थोर पुरुष याच मातींत विसावले आहेत.

प्रथम डोंगराविषयीं. सह्याद्रीपासून पूर्वेकडे जे फांटे फुटतात, त्यांपैकीं हरिश्चंद्रगडाकडून निघालेला एक फांटा अहिल्यानगर जिल्ह्यांतून आग्नेयीस वळून बीड, धाराशिव, लातूर या जिल्ह्यांच्या अंगावरून दूरवर गेला आहे. हाच बालाघाट. ‘बाला’ हा शब्द संस्कृत नव्हे, फारशी आहे. त्याचा अर्थ ‘वरचा’. घाटाच्या वरचा मुलूख तो बालाघाट व खालचा तो पाईनघाट. कोंकणांतील किंवा पुण्याकडील वाचकांस घाट म्हटला म्हणजे बोरघाटासारखी चढण आठवते. येथें तसें नाहीं. एकदां चढून वर आलें, कीं मैलोगणती सपाट माळ लागतो, आणि आपण डोंगरावर आहों हेंच मनुष्य विसरतो. त्या माळाच्या कडेशीं येऊन खालीं दरींत पाहावें, तेव्हांच उंची ध्यानांत येते.

बीड जिल्ह्याचे यामुळें निसर्गतःच दोन भाग झाले आहेत. उत्तरेकडे गेवराई, माजलगांव हा गोदावरीकांठचा सखल व काळ्या मातीचा भाग. त्यास गंगथडी म्हणतात, कारण इकडे गोदावरीस गंगाच म्हणण्याची चाल आहे. दक्षिणेकडे आष्टी, पाटोदें, केज, आंबेजोगाई हा उंचवट्याचा भाग. आंब्याची उंची समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या वर आहे. हवा कोरडी व मोकळी. उन्हाळ्याच्या दिवसांतही रात्रीं अंगणांत झोंप लागते. मात्र सह्याद्रीनें अडविलेल्या पावसाचा हा उरलासुरला प्रदेश. माळावरची जमीन बरीचशी मुरमाड व थरानें पातळ. ज्वारी, तूर, करडई हीं जुनीं पिकें, आणि गेल्या कांहीं दशकांत सोयाबीन. दगडधोंड्यांत आपोआप उगवणारें सीताफळ हें या डोंगरांचें खरें फळ. बीडच्या सीताफळास २०१६ सालीं सरकारी भौगोलिक मानांकन मिळालें; त्यापूर्वी शेंकडों वर्षें तें कोणाच्या मानांकनावांचूनच गोड होतें.

या माथ्यावर पडलेल्या पाण्याचा प्रवास मुलांस नकाशावर अवश्य दाखवावा. उत्तरेकडील उतारावरचें पाणी वाण नदींतून परळीच्या बाजूनें थेट गोदावरीकडे जातें. दक्षिणेकडील उतारावरचें पाणी मांजरेंत उतरतें. मांजरा पाटोद्याच्या डोंगरांत उगम पावते, जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते, लातुराजवळून पुढें बिदराकडे जाते, तेथून तेलंगणांत शिरून एकदम उत्तरेस वळते आणि कंदकुर्तीपाशीं गोदावरीस मिळते. सातशें किलोमीटरांहून अधिक वळसा घेऊन तेंच पाणी त्याच नदींत! दोन भाऊ एका घरांतून निघून निरनिराळ्या वाटांनीं त्याच गांवीं पोहोंचावे, तसा हा प्रकार आहे. खुद्द गांवाजवळून जयंती नांवाची लहान नदी वाहते. तिच्यावरूनच गांवास जुन्या काळीं जयंतीपूर म्हणत. आम्रपूर असेंही एक नांव आढळतें.

नांवांविषयीं दोन शब्द लिहिण्याचा मोह आम्हां जुन्या संस्कृत शिक्षकांस आवरत नाहीं. संस्कृत शब्दाच्या आरंभींचा ‘य’ प्राकृतांत ‘ज’ होतो. यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला, तशी योगेश्वरीची जोगेश्वरी व तिची लाडकी जोगाई झाली. ‘आम्र’ शब्दाचें प्राकृतांत ‘अंब’ झालें. तेव्हां ‘अंबाजोगाई’ या हल्लींच्या सरकारी नांवांतील ‘अंबा’ म्हणजे देवी, असें जें अनेकांस वाटतें, तें मला पटत नाहीं. जुने लोक ‘जोगाईचें आंबें’ म्हणत. अर्थात् आंबें हें गांव आणि जोगाई ही त्याची स्वामिनी.

आतां देवीची कथा. परळीच्या वैजनाथाशीं योगेश्वरीचा विवाह ठरला. परळी येथून पंचवीस किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबानें आठ कोस. वऱ्हाड कोंकणांतून निघालें. परंतु मुहूर्ताच्या वेळीं तें परळीस पोहोंचूं शकलें नाहीं. लग्नघटिका टळली, वऱ्हाडी जागच्या जागीं पाषाण झाले, आणि देवी कुमारिका म्हणूनच आंब्यास राहिली. दंतासुर नांवाच्या दैत्याचा तिनें वध केला, अशीही कथा आहे. श्रद्धाळूंनीं ही कथा श्रद्धेनें ऐकावी; पण भूगोलाच्या शिक्षकास तींत आणखी एक गोष्ट दिसते. आंबें आणि परळी यांच्यामध्यें घाट आहे, आणि त्या घाटानें वऱ्हाडास उशीर केला. वाहतुकीची ही या गांवची सर्वांत जुनी तक्रार म्हटली पाहिजे. तिचा उत्तरार्ध पुढें येईल.

देवीचें मंदिर हेमाडपंती धर्तीचें असून त्यांत पुढील काळांतही भर पडली आहे. आश्विनांतील नवरात्राखेरीज मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत येथें दुसरें नवरात्र बसतें. त्या दिवसांत दूरदूरचीं कुळें येतात. कोंकणस्थांप्रमाणें कांहीं देशस्थ व इतर ज्ञातींच्या घराण्यांचीही ही कुलदेवता आहे, हें अनेकांस ठाऊक नसतें.

मंदिरापासून थोड्या अंतरावर जयंतीच्या बाजूस खडकांत कोरलेलीं लेणीं आहेत. मोठा मंडप, ओळीनें कोरलेले खांब, समोर अंगणांत अखंड दगडाचे हत्ती. या हत्तींवरून लोक त्यास हत्तीखाना म्हणतात. कोणी जोगाईचा मांडव म्हणतात व तेथील मूर्ति म्हणजेच पाषाण झालेले वऱ्हाडी, असें सांगतात. वेरूळची भव्यता येथें शोधूं नये. पण वेरुळास मनुष्य गर्दींतून पाहतो, येथें एकटा पाहतो, आणि एकट्यानें पाहिलेलें अधिक दिवस मनांत राहतें असा माझा अनुभव आहे.

इतिहासाच्या उजेडांत गांव ठळकपणें येतें तें देवगिरीच्या यादवांच्या काळीं. सिंघणदेव यादवाचा खोलेश्वर नांवाचा सेनापति होता. जातीनें ब्राह्मण, मुद्गल गोत्राचा. धंदा मात्र तलवारीचा. गुजरात व माळव्याकडील स्वाऱ्यांत त्यानें नांव मिळविलें. आंबें हें त्याचें ठाणें. येथील बाराखांबी या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या सकलेश्वराच्या मंदिराचा लेख शके ११५०, म्हणजे इ. स. १२२८ चा आहे. परंतु मला अधिक हृदयस्पर्शी वाटतो तो शके ११६२, म्हणजे इ. स. १२४० चा लेख. खोलेश्वराचा पुत्र राम हाही सेनानी होता. गुजरातच्या स्वारींत तो रणांत पडला. त्याची बहीण लक्ष्मी हिनें भावाच्या स्मरणार्थ आंब्यास रामनारायणाचें मंदिर बांधविलें, व त्याची नोंद शिलेवर कोरविली.

आपल्या इतिहासांत राजांनीं बांधलेलीं देवळें पुष्कळ, राण्यांनीं बांधलेलींही आहेत. बहिणीनें भावासाठीं बांधलेलें देऊळ आणि त्यावर तिचें स्वतःचें नांव, हें विरळा. भाऊबिजेच्या दिवशीं मुलींस सांगण्यासारखी याहून खरी गोष्ट मला माहीत नाहीं. सातशें ऐंशींहून अधिक वर्षें त्या दगडावर एका बहिणीचें दुःख अक्षररूपानें टिकलें. असले शिलालेख शेंदूर, तेल, चुना आणि नांवें कोरणारे हौशी लोक यांच्या हातीं सांपडूं नयेत, एवढी काळजी यात्रेकरूंनीं घ्यावी. दगडावर हात फिरवूं नये. मुलांस उजेडांत उभें करून लांबून अक्षरें ओळखावयास सांगावें. देवनागरी त्या काळीं कशी दिसे, हें त्यांस तेव्हां कळेल.

याच भूमीशीं मुकुंदराजांचें नांव जोडलेलें आहे. ‘विवेकसिंधु’ हा त्यांचा वेदान्तपर ग्रंथ शके १११० चा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षें आधींचा, असें परंपरा मानते. त्यावरून ते मराठीचे आद्य कवि. आंब्याच्या दरींत त्यांची समाधि आहे. मात्र विद्वानांत यावर मोठा वाद झालेला आहे. ग्रंथांतील अंबानगर हें बीडकडील आंबें नसून वैनगंगेच्या कांठचें विदर्भांतील आंभोरें होय, असें म्हणणारा पक्ष बळकट आहे; आणि शके १११० ची ओवी मागाहून घातलेली, असेंही कित्येक म्हणतात. वादाचा निर्णय करण्याचा अधिकार माझा नाहीं. परंतु दोन गांवांनीं एखाद्या वेदान्ती कवीसाठीं भांडावें, ही भांडणांची जात मला आवडते. जमिनीच्या बांधावरून भांडणारीं गांवें आपण पुष्कळ पाहतों.

दासोपंतांविषयीं मात्र असा वाद नाहीं. शके १४७३ त त्यांचा जन्म झाला. वडील दिगंबरपंत हे नारायणपेठचे देशपांडे, बिदरच्या बरीदशाहीच्या अंमलांतले. दुष्काळांत सरकारभरणा झाला नाहीं, म्हणून बादशहानें लहान दासोपंतास ओलीस ठेवून घेतलें. मुदतींत रक्कम न आली तर धर्मांतर करण्याची धमकी होती. तेव्हां दत्तात्रेयांनीं पाडेवाराच्या रूपानें येऊन पैका भरला, अशी कथा सांगतात. दामाजीपंतांच्या कथेशीं तिचें साम्य वाचकांच्या ध्यानांत येईलच. पुढें दासोपंत घर सोडून माहुरास गेले, तेथून गोदातीरीं राक्षसभुवनास आले, तेथें त्यांना दत्तपादुका लाभल्या, आणि शेवटीं त्यांनीं आंबें हें आपलें स्थान केलें. (याच राक्षसभुवनीं १७६३ मध्यें थोरल्या माधवराव पेशव्यांनीं निजामाचा पराभव केला, बीड जिल्ह्याच्या मातींत भक्ति व लढाई अशा शेजारीं शेजारीं आहेत.)

दासोपंतांनीं लिहिलें किती याचा अंदाज करणें कठीण. गीतेवरील त्यांचा ‘गीतार्णव’ एकटाच सव्वा लक्ष ओव्यांचा सांगतात. त्यांना रोज एका ढब्बूची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. ढब्बू म्हणजे जुना दुपैशाचा जाड नाणा. पण त्यांची सर्वांत विलक्षण कृति म्हणजे ‘पासोडी’. पासोडी म्हणजे अंगावर घेण्याचें जाडेंभरडें पांघरूण. सुमारें चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा कापडावर त्यांनीं पंचीकरणाचा विषय ओव्यांनीं व आकृत्यांनीं लिहून काढला आहे. पंचमहाभूतें, तत्त्वें, देह यांचे तक्तेच्या तक्ते. मला तर ती पाहून शाळेच्या भिंतीवर टांगावयाचे जुने नकाशे आठवतात. सृष्टि कशी झाली हें सर्वांस एका दृष्टीनें दिसावें, म्हणून कागद न घेतां कापड घेणारा हा पुरुष जातीचा शिक्षक होता. शके १५३७ त त्यांनीं देह ठेवला. त्यांची समाधि आंब्यास आहे, व त्यांच्या वंशजांचीं थोरलें देवघर व धाकटें देवघर अशीं दोन घरें तेथें प्रसिद्ध आहेत.

यादवांनंतरच्या बादशाह्यांचा इतिहास येथें थोडक्यांत आटोपतों. त्या काळीं लष्करी महत्त्व आंब्याहून शेजारच्या धारूरच्या किल्ल्यास अधिक होतें. तो १६३१ मध्यें मोगलांनीं निजामशाहीकडून घेतला. पुढें हा सर्व प्रदेश हैद्राबादच्या आसफजाही निजामाकडे गेला आणि १९४८ पर्यंत तेथेंच राहिला. त्या राजवटींत आंब्याचें नांव मोमिनाबाद झालें. जुन्या कागदपत्रांत, जमिनीच्या सनदांत, पोष्टाच्या शिक्क्यांत वाचकांस हें नांव आढळलें, तर तें दुसरें गांव समजूं नये.

मोमिनाबादेस इंग्रजांच्या देखरेखीखालील ‘हैद्राबाद कंटिंजंट’ या फौजेच्या घोडदळाची छावणी होती. याच फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपायीं १८५३ मध्यें निजामास वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं करावें लागलें, हें विद्यार्थ्यांनीं वाचलेलें असतें. त्या फौजेचा एक तळ आपल्या कुलदेवतेच्या गांवीं होता, हें मात्र कोणी सांगत नाहीं. मोकळी हवा, सपाट माळ, घोड्यांस चराई, यांमुळें जागा सोयीची. १९०३ मध्यें ती फौज हिंदुस्थान सरकारच्या सैन्यांत मिसळून टाकण्यांत आली आणि छावणीचे दिवस संपले. छावणीबरोबर बाजार, सडक, कामधंदा यांची बरकत असते. ती उठली म्हणजे गांवास एकाएकीं रितेपणा येतो.

हें रितेपण भरून काढलें तें शिक्षणानें. निजामी राज्यांत वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठी मुलांस आपल्या भाषेंत शिकावयाचें, तर खासगी शाळांचाच आधार. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत काम केलेले स्वामी रामानंद तीर्थ १९३५ मध्यें आंब्यास आले. बाबासाहेब परांजपे प्रभृति सहकाऱ्यांसह त्यांनीं येथें योगेश्वरीच्या नांवानें विद्यालय उभें केलें. स्वामींचें पूर्वाश्रमींचें नांव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. १९३२ मध्यें त्यांनीं संन्यास घेतला होता. संन्याशानें फळ्यापुढें उभें राहावें, हें कांहींस चमत्कारिक दिसलें असेल. पण याच शाळेच्या ओसरींतून मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाचे अनेक कार्यकर्ते निघाले. १९३८ मध्यें स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहासाठीं स्वामींनीं शाळा सोडली, ते पुन्हां वर्गांत परतले नाहींत. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाचें राज्य संपलें. १९५६ मध्यें मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत व १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. पुढें मोमिनाबाद हें नांव जाऊन जुनें नांव परत आलें.

स्वामींच्या नांवाचें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ च्या सुमारास आंब्यास निघालें. आशिया खंडांतील पहिलें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ख्याति आहे. आज चार जिल्ह्यांच्या सीमेवरचे रुग्ण तेथें येतात, आणि देवीच्या यात्रेकरूंहून रुग्णांच्या नातलगांचीच गर्दी बसस्थानकावर अधिक दिसते. २०११ च्या शिरगणतींत गांवची वस्ती पाऊण लाखाच्या घरांत होती. वरिष्ठ न्यायालय, अपर जिल्हाधिकाऱ्यांचें कार्यालय, सर्व आहे. आंब्याचा स्वतंत्र जिल्हा करावा ही मागणी जुनी आहे. १९८२ मध्यें शेजारच्या लातुराचा जिल्हा झाला, तेव्हांपासून ती अधिकच बोचते.

आतां त्या वाहतुकीच्या तक्रारीचा उत्तरार्ध. लोहमार्ग आंब्याच्या चारी बाजूंनीं आले, पण गांवांत आले नाहींत. १९११ मध्यें बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुंदीची चिमुकली गाडी कुर्डुवाडीकडून लातुरापर्यंत पोहोंचली. मुंबई-पुण्याकडील यात्रेकरू त्या गाडीनें लातुरास उतरून पुढचे वीस कोस बैलगाडीनें जात. दुसऱ्या बाजूनें विकाराबाद-बिदरकडून रुंद मार्ग परळीस आला, व परभणीकडून मीटर मार्ग. दोहोंची रुंदी निराळी असल्यामुळें परळीस माल व माणसें दोन्ही गाडी बदलीत. १९३२ मध्यें निजामच्या रेल्वेखात्यानें सत्तावीस मोटारींनिशीं प्रवासी बसगाड्या सुरू केल्या, आणि मग हळूहळू घाटावरच्या गांवांस चाकें लागलीं. आज परळी-लातूररोड मार्गावरील घाटनांदूर हें स्थानक आंबेजोगाई तालुक्यांतच आहे. म्हणजे तालुक्यास आगगाडी आहे, तालुक्याच्या गांवास नाहीं! वीसएक किलोमीटरांवर शिट्टी वाजते.

अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरांचा मार्ग कित्येक दशकें कागदावर होता. २०२२ मध्यें गाडी आष्टीपर्यंत आली, आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजीं ती प्रथमच बीड शहरांत शिरली. परंतु पुढें तो मार्ग वडवणीकडून परळीस जावयाचा आहे. केज व आंबें यांस तो स्पर्श करीत नाहीं. घाटनांदूर येथून आंब्यावरून केज-मांजरसुंब्याकडे फांटा काढावा, असें इकडील लोक म्हणत आले आहेत. डोंगर चढविण्यास खर्च फार, हें त्यावरचें ठरलेलें उत्तर. वऱ्हाडासही घाटानेंच अडविलें होतें.

या संदर्भांत एका भगिनीचें पत्र मजकडे आलें आहे. तिच्या सासूबाई अठ्याहत्तर वर्षांच्या. जन्मभर बोडण भरलें, नवरात्र केलें. पण कुलदेवतेचें स्थान डोळ्यांनीं पाहिलें नाहीं. पूर्वी पैसा नव्हता, मग सवड नव्हती, आतां गुडघे नाहींत. एक मुलगा परदेशीं, दुसरा बंगळुरास. तो म्हणतो, अभिषेकाचे पैसे पाठवावे व प्रसाद टपालानें मागवावा. सासूबाई कांहीं बोलत नाहींत. फक्त प्रवासाची पिशवी धुऊन वाळत घातली आहे. सूनबाई विचारते, काय करावें?

अशक्तास प्रतिनिधीकरवीं कर्म करवितां येतें, हें शास्त्रास मान्य आहे. तेव्हां मुलाचें म्हणणें अशास्त्र नव्हे. परंतु त्या माउलीस पुण्याचा हिशेब जुळवावयाचा नसून, साठ वर्षें जिला नैवेद्य दाखविला ती राहते कोठें हें एकदां पाहावयाचें आहे. तेव्हां माझें मत न्यावें असें आहे; मात्र वाट विचारपूर्वक निवडावी. पुण्याहून मोटारीनें अहिल्यानगर किंवा जामखेडवरून मांजरसुंबें, केज व आंबें हा रस्ता आतां पुष्कळ सुधारला आहे; पण तीनशें किलोमीटर बसून जाणें त्या गुडघ्यांस सोसणार नाहीं. मुंबईहून पुण्यावरून लातुरास जाणारी रात्रीची आगगाडी घ्यावी, खालची शय्या मिळवावी, सकाळीं लातुरास उतरून न्याहारी करावी, आणि पुढचे साठेक किलोमीटर भाड्याच्या मोटारीनें जावें. परळीमार्गें जाणें हैद्राबाद-नांदेडकडील मंडळींस सोयीचें, तुम्हांस नव्हे. वैजनाथाचें दर्शन दुसऱ्या दिवशीं करावें. दोन्ही एका दिवसांत उरकण्याची घाई नको.

पाण्याविषयीं एक सूचना. आंब्याचें पाणी बहुतांशीं मांजरेवरील धनेगांवच्या धरणांतून येतें. २०१६ च्या दुष्काळांत तेंच धरण कोरडें पडलें, आणि लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें सर्वांस स्मरत असेल. आम्ही कोंकणांतले लोक विहिरीचा रहाट चालूं ठेवून दांत घासणारे. यात्रेच्या दिवसांत धर्मशाळेंत उतरल्यावर बादलीभर पाण्यांत स्नान आटोपावें, व सोवळें वाळत घालण्यापूर्वी ज्या घरच्या नळाचें पाणी आपण वापरतों, तेथें तें कितव्या दिवशीं येतें हें विचारावें.

थंडींत, म्हणजे मार्गशीर्षाच्या नवरात्राच्या आगेंमागें, परंतु पौर्णिमेची गर्दी टाळून जाणें वृद्धांस उत्तम. पहाटे गारठा असतो. शाल जवळ ठेवावी. देवीचें दर्शन झाल्यावर दासोपंतांच्या समाधीस जावें, तें फारसें लांब नाहीं. मुकुंदराजांची समाधि दरींत आहे. सासूबाईंनीं वरूनच हात जोडले तरी चालेल. धाकट्यांनीं मात्र खालीं उतरावें, आणि तें सकाळींच, कारण परततांना चढण आहे व दुपारीं त्या खडकास सावली नसते.